वस्तीतला पहिला कार्यक्रम: घरयादीपासून हिशेबापर्यंत

इंदुरातल्या मराठी मंडळांकडे काम सुरू करायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आधीपासून असतात. नोंदणी झालेली संस्था असते, एखादं सभागृह असतं, निवृत्त शिक्षक असतात, बँकेत आयुष्य गेलेले हिशेबाचे जाणकार असतात आणि रविवारी वेळ देणारी तरुण मुलं असतात. म्हणून ‘वस्तीतल्या मुलांसाठी काहीतरी करू’ असं ठरलं की पंधरा दिवसांत वह्यावाटप होऊन जातं. वह्या मुलांना हव्याच असतात, पण त्यामुळे वाचता न येणारं मूल वाचायला लागत नाही. त्यासाठी वर्षभर चालणारा आणि मोजता येणारा कार्यक्रम आखावा लागतो. हे एक कसब आहे आणि ते पायरीपायरीने शिकता येतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: एका वस्तीत तिसरी ते पाचवीच्या ६० मुलांचा वाचनवर्ग. विषय आरोग्याचा असो की बचत गटाचा, पायऱ्या याच राहतात. आकडे उदाहरणापुरते आहेत. ते तुमच्या वस्तीनुसार बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

प्रश्न लहान करा

‘वस्तीतली मुलं शिक्षणात मागे आहेत’ या वाक्यावर कार्यक्रम उभा राहत नाही, कारण ते खोटं ठरवता येत नाही आणि पुरंही करता येत नाही. प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यात चार गोष्टी येऊ द्या: कोण, कुठे, नेमकी अडचण काय आणि ती आज किती आहे. ‘या वस्तीतल्या तिसरी ते पाचवीच्या ६० मुलांपैकी ५१ जणांना पहिलीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही’ हे कामाचं वाक्य आहे. ५१ हा आकडा तुमच्याकडे आज नसेल. तो मिळेपर्यंत निधी मागू नका आणि उद्घाटनाची तारीख तर मुळीच ठरवू नका.

मग कारणं लिहा. मूल वाचत नाही, कारण वर्गात इयत्तेचं पुस्तक पुढे जातं आणि ते मूल अजून अक्षरांवर अडलेलं असतं. घरी भिली, निमाडी किंवा मालवी बोलली जाते आणि पुस्तक हिंदीत असतं. आईवडील गावी गेले की मूलही जातं आणि हजेरी तुटते. काहींना फळा नीट दिसत नाही आणि हे कुणी तपासलेलं नसतं. यांतली कोणती कारणं तुमच्या हाताबाहेरची आहेत ते प्रामाणिकपणे खोडा. स्थलांतर तुम्ही थांबवू शकणार नाही, पण त्याच्याभोवती वेळापत्रक बसवू शकता. डोळ्यांची तपासणी एका दिवसाचं काम आहे, ते पहिल्याच महिन्यात उरका.

आधी सहा आठवडे वस्तीत

नवशिक्यांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. बहुतेक कार्यक्रमांचं भवितव्य इथेच ठरतं, म्हणून यावर जरा सविस्तर.

वस्ती एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी पायी फिरा: सकाळी आठला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातनंतर. सकाळी मोठी माणसं मजदूर चौकात, म्हणजे रोजंदारीचं काम मिळतं त्या नाक्यावर, गेलेली असतात, दुपारी घरात धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी असते, संध्याकाळी बायका कामावरून परतून चुलीपाशी असतात. इंदुरात नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं. नळाची वेळ आणि पालकसभा एकत्र आली तर सभेला कुणीही येणार नाही, आणि तुम्ही मात्र ‘पालकांना आस्था नाही’ असं अहवालात लिहाल.

दुसऱ्या आठवड्यात घरयादी करा. नमुन्यावर भागवू नका. १८० घरांच्या वस्तीत प्रत्येक घरी जाणं शक्य असतं: दोघादोघांच्या तीन जोड्या, प्रत्येकीला एका संध्याकाळी वीस घरं, म्हणजे तीन संध्याकाळी. प्रश्न सातआठच ठेवा. घरात किती माणसं, मुलांची वयं, शाळेचं नाव आणि इयत्ता, मूळ गाव, वर्षातून केव्हा आणि किती दिवस गावी जाता, घरात कोणती भाषा, संध्याकाळी घरी कोण असतं. उत्पन्न विचारू नका. खरं उत्तर मिळत नाही, आणि सरकारी यादीत नाव घालायला आलेत असा समज झाला की पुढची सगळी उत्तरं बिघडतात.

या यादीतच समग्र आयडीचा, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबनोंदणीतल्या क्रमांकाचा, रकाना ठेवा. मध्य प्रदेशात कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी क्रमांक असतो. शाळाप्रवेश आणि शिष्यवृत्ती तिथे अडते. झाबुआ, आलीराजपूर किंवा बडवानी या आदिवासी जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबाची नोंद बहुधा गावच्या पंचायतीत असते, लहान मुलाचं नाव चढलेलंच नसतं. शाळाबाह्य मुलं यादीत पुष्कळ निघाली, तर वाचनवर्गाआधी प्रवेशाची मदत हाच तुमचा कार्यक्रम असू शकतो. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांशी बोलताना हे माहीत असावं. ते सौम्यपणे, कागद हातात घेऊन सांगावं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बायकांबरोबर बसून वस्तीचा नकाशा काढा. ग्रामीण लोकसहभागी पाहणीची ही पद्धत रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनामुळे जगभर पोचली आणि भारतात ती खूप वापरली गेली. ओट्यावर किंवा अंगणात रांगोळीने रस्ते, नळ, मंदिर, दारूचं दुकान, शाळा, अंधारी गल्ली हे सगळं त्यांनाच काढू द्या. खडू आपल्या हातात घेतलात की नकाशा तुमचा होतो. मुलींना संध्याकाळी कुठल्या गल्लीतून पाठवणार नाहीत हे फक्त इथेच कळतं, आणि वर्गाची खोली त्यावरून ठरते. फुकट मिळालेली खोली वस्तीच्या चुकीच्या टोकाला असेल तर ती घेऊ नका.

याच काळात अंगणवाडी कार्यकर्ती, आशा, जवळच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक आणि पार्षद (नगरसेवक) यांना भेटा. क्रम महत्त्वाचा आहे: पार्षदांकडे सगळ्यात आधी गेलात तर वस्ती तुम्हाला एका पक्षाचे समजेल, गेलाच नाहीत तर खोलीचं कुलूप एक दिवस कुणीतरी बदलेल. अंगणवाडीताईंपासून सुरुवात करावी. त्यांना प्रत्येक घर माहीत असतं.

वर्ष कसं बसवायचं

आता दिनदर्शिका काढा. इंदुरातल्या वस्तीचं वर्ष एप्रिल ते मार्च चालत नाही. पेरणीला, म्हणजे जून-जुलैत, शेती असलेली आदिवासी कुटुंबं गावी असतात. दिवाळीत पुन्हा जातात. होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाचे, म्हणजे आदिवासींच्या सणाचे, हाट भरतात तेव्हा तर वस्तीच रिकामी होते, आणि परतायला वेळ लागतो. शहराचे स्वतःचे दिवस वेगळे: अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात, नवरात्रात नऊ रात्री गरबा, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. त्या संध्याकाळी वर्ग ठेवणं म्हणजे हजेरीवहीत शून्यं भरणं.

म्हणून घरयादी होळीनंतर मार्च-एप्रिलमध्ये, मुलांची पहिली चाचणी जुलैच्या शेवटी, वर्ग ऑगस्ट ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि शेवटची चाचणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, अशी बांधणी करा. ऑगस्टपासूनचे २८ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे कागदावर १४० दिवस दिसतात. दिवाळीचे ३ आणि बाकी सणांचे मिळून २ आठवडे वजा केले की ११५ उरतात. आराखडा ११५ वरच करा. शेवटची चाचणी मार्चमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक आहे, कारण देणगीदाराचं वर्ष मार्चमध्ये संपतं. त्या वेळी मुलं भगोरियाला गेलेली असतात आणि वर्षभराच्या कामाचा पुरावाच उरत नाही.

एका कागदावर मांडणी

या क्षेत्रात सगळे लॉगफ्रेम म्हणतात तो तक्ता १९६९च्या सुमारास अमेरिकी मदतसंस्था यूएसएडसाठी तयार झाला. त्यात चार ओळी आणि चार रकाने असतात. ओळी खालून वर वाचायच्या: कृती, त्यातून लगेच मिळणारं फलित, त्यातून होणारा बदल, आणि त्या पलीकडचं दूरचं ध्येय. रकाने असे: विधान, मोजमाप, पुरावा कुठून येणार, आणि गृहीतक.

आपल्या उदाहरणात कृती म्हणजे ११५ दिवस दीड-दीड तासाचे दोन वर्ग. फलित म्हणजे किमान ४५ मुलांची हजेरी ७० टक्क्यांच्या वर. बदल म्हणजे उतारा वाचणारी मुलं ९ वरून ३५ वर. पुरावा: हजेरीवही आणि चाचणीपत्रकं. गृहीतक: दिवाळीनंतर तीन आठवड्यांत कुटुंबं परततील.

तक्ता भरताना बहुतेक जण फलित आणि बदल यांची गल्लत करतात. ‘६० मुलांना दफ्तरं दिली’, ‘१२ पालकसभा घेतल्या’ हे तुम्ही काय केलंत ते सांगतं, मुलांत काय झालं ते सांगत नाही. आणि गृहीतकाचा रकाना रिकामा सोडू नका. कार्यक्रम बिघडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा त्याच रकान्यात लिहिलेलं असतं, किंवा लिहायचं राहिलेलं असतं.

चाचणी

वाचनाची पातळी पाहायला २००५ पासून देशभर होणाऱ्या ‘असर’ पाहणीची साधी पद्धत वापरा. पातळ्या पाच आहेत: काहीच नाही, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. मूल तो सहज वाचत असेल तर गोष्ट द्या, अडखळलं तर शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर पातळी ‘शब्द’, नाहीतर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. प्रत्येक मूल वेगळं, एकेकट्याने, पाचसात मिनिटं. बाकीची मुलं ऐकण्याच्या अंतरावर नसावीत, नाहीतर चौथ्या मुलापासून उतारा पाठ म्हटला जातो.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. ज्या ताई शिकवतात त्यांनी स्वतःच्या वर्गाची चाचणी घेऊ नये, दोन वर्गांच्या ताईंनी अदलाबदल करावी. त्या खोटं लिहितात असं नाही, पण स्वतःच्या मुलाला अर्धा शब्द सुचवला जातोच. दुसरं, पहिल्या आणि शेवटच्या चाचणीला वेगवेगळे उतारे घ्या, काठिण्य सारखं ठेवून. तिसरं, शेवटी ४२ मुलं उरली असतील तर त्याच ४२ जणांची सुरुवातीची पातळी काढून तुलना करा आणि १८ मुलं कुठे गेली ते शेजारीच लिहा. सगळ्या ६० च्या सुरुवातीशी उरलेल्या ४२ ची तुलना केली तर सुधारणा फुगून दिसते, कारण गळालेली मुलं बहुधा मागे पडलेलीच असतात.

चाचणी झाली की मुलांना इयत्तेप्रमाणे बसवू नका, पातळीप्रमाणे बसवा. पाचवीतलं मूल तिसरीतल्या मुलाशेजारी अक्षरं शिकेल. पालकांना हे आधी समजावून सांगितलं नाही तर मोठ्या मुलांची पहिल्याच आठवड्यात गळती होते.

शिकवणारी माणसं

दोन ताई त्याच वस्तीतल्या किंवा शेजारच्या घ्या, बारावी झालेल्या. पदवीधर बाहेरून आणण्यापेक्षा हे बरं: त्या पावसातही येतात, गैरहजर मुलाच्या दारात जाऊन उभ्या राहतात आणि घरची भाषा बोलतात. सुरुवातीचं प्रशिक्षण पाच दिवसांचं, त्यांतले शेवटचे दोन दिवस प्रत्यक्ष मुलांसोबत. त्यानंतर दर पंधरवड्याला अर्धा दिवस. एकदाच मोठी कार्यशाळा घेऊन वर्षभर कुणी फिरकलं नाही, तर दिवाळीपर्यंत वर्ग फळ्यावरून उतरवून घेण्यावर येतो.

मानधन ठरलेल्या तारखेला, बँकेत. तीन महिन्यांचं एकदम देऊ, ही सवय संस्थांना लागते आणि चांगल्या ताई तिथेच सोडून जातात.

मंडळातल्या निवृत्त शिक्षकांची मदत मोलाची आहे, पण तिची जागा नीट ठरवा. आठवड्यातून दोन दिवस, किमान तीन महिने, एकच काम: गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणं किंवा गटात बसून मुलांचं वाचन ऐकणं. वर्गाची जबाबदारी ताईंचीच राहावी. काका-काकूंनी येऊन फळा हातात घेतला की मुलांच्या नजरेत ताई दुय्यम ठरतात, आणि काका लेकीकडे पुण्याला गेले की वर्ग पोरका होतो.

मुलांच्या सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशी लेखी द्या. कोणतीही मोठी व्यक्ती मुलासोबत बंद दाराआड एकटी असणार नाही. फोटोला पालकांची लेखी संमती, आणि फोटोसोबत मुलाचं नाव-पत्ता कुठेही नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसांत मिटवू’ असं म्हणणारा पदाधिकारी मोठा असला तरी तो कायदा मोडतो आहे. बाल मदतवाहिनी १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा.

पैसे

अंदाजपत्रक असं दिसेल: दोन ताईंचं मानधन दरमहा ६,००० प्रमाणे ८ महिने ९६,०००, अर्धवेळ समन्वयक दरमहा १०,००० प्रमाणे १२ महिने १,२०,०००, खोलीभाडं १६,०००, साहित्य प्रत्येक मुलामागे ४०० प्रमाणे २४,०००, प्रशिक्षण १४,०००, प्रवास व फोन १२,०००, चाचण्या आणि छपाई ६,०००, लेखापरीक्षण १२,०००. बेरीज ३,००,०००. त्यावर ५ टक्के आकस्मिक, म्हणजे १५,०००. एकूण ३,१५,००० रुपये.

समन्वयक बारा महिन्यांचा का, असा प्रश्न कार्यकारिणीत हमखास येतो. घरयादी, पालकभेटी, अहवाल ही कामं वर्ग नसतानाच होतात. ती ओळ कापली तर कार्यक्रम चालतो, पण पुढच्या वर्षी तोच पुन्हा शून्यातून सुरू होतो.

६० मुलांनी भागलं तर एका मुलामागे ५,२५० रुपये. शेवटपर्यंत ४२ टिकली तर ७,५००. देणगीदाराला दोन्ही आकडे सांगा. गळती कमी करण्यावर खर्च का करावा हे दुसरा आकडा आपोआप पटवतो.

नवी संस्था काढण्याची घाई करू नका. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली किमान सात सदस्य लागतात आणि नोंदणीनंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी व तपासलेले हिशेब द्यावे लागतात. पहिलं वर्ष आधीच्या नोंदणीकृत मंडळातर्फे करा. फक्त त्याच्या नियमावलीतल्या उद्देशांत शिक्षण किंवा समाजसेवा आहे का ते पाहा, आणि या कामाचं खातं वेगळं ठेवा, म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणी आणि वर्गाचा निधी मिसळणार नाहीत. दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत.

देणगीच्या बाबतीत दोन गोष्टी इंदुरात वारंवार चुकतात. करसवलत मिळणाऱ्या देणगीत रोख रक्कम २,००० रुपयांपर्यंतच चालते, वरची रक्कम बँकेतून घ्या. आणि अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले पैसे: तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, आणि एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. म्हणून पासपोर्ट कोणत्या देशाचा हे आधी विचारा.

इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा पैसा, पहिल्या वर्षी धरून चालू नका. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. पण ती ज्या संस्थेमार्फत हे काम करवते तिला साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ ही अशा कामासाठीची सरकारी नोंदणी लागते. पैसे हप्त्यांनी येतात आणि उशिरा येतात. तीन महिन्यांचं मानधन बाजूला असल्याशिवाय असा करार करू नका.

चालू असताना

महिन्यातून एकदा दीड तास बसा: समन्वयक, दोन्ही ताई, मंडळाचा एक सदस्य, वस्तीतल्या दोन आया. समोर तीनच कागद: हजेरी, पातळीचा तक्ता, खर्च. सलग पाच दिवस न आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव वाचून कारण लिहा. एकाच गल्लीतली चार मुलं एकदम थांबली असतील तर कारण वर्गात नसतं, गल्लीत असतं. भांडण, लग्न किंवा ठेकेदाराचं नवं काम. तिकडे जाऊनच कळतं. ऑक्टोबरअखेर एक मधली चाचणी घ्या आणि जी मुलं पुढे सरकली नाहीत त्यांचा वेगळा गट करा. अक्षरांवरच अडलेल्या मुलांना रोज वीस मिनिटं जास्त लागतात, बाकीच्यांच्या बरोबरीने ती येत नाहीत.

हे सगळं अधिक पद्धतशीर शिकायचं असेल तर शहरातच इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आहे, मुंबईला १९३६ पासूनची टाटा इन्स्टिट्यूट आणि आणंदला ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी, १९७९ पासूनची इर्मा. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वस्तीतले दिवस किती आणि त्या वेळी मार्गदर्शक सोबत असतो का, हे विचारा. बाकी विषय पुस्तकातून भरून काढता येतात.

फेब्रुवारीत निकाल हाती आला की अहवाल लिहिण्याआधी तो वस्तीत सांगा. नळाची वेळ टाळून, होळीला गावी जाण्याच्या आधी. पातळीचा तक्ता मोठ्या कागदावर काढा, मुलांची नावं न लिहिता: जुलैत कितीजण कुठे होते, आता कुठे आहेत, किती सोडून गेले, किती खर्च झाला. प्रत्येक आईला तिच्या मुलाचं पत्रक वेगळं द्या आणि शाळेसाठी एक प्रत मुख्याध्यापकांना, आईला विचारून. पुढच्या वर्षी वर्ग असणार की नाही हे त्याच सभेत स्पष्ट सांगा. निधी नसेल तर नाही म्हणून सांगा आणि पुस्तकांची पेटी कुठल्या घरी राहील, किल्ली कुणाकडे असेल हे तिथेच ठरवून घ्या.